गुन्हा दमडीचा, दंड प्राणाचा

दुकान बंद करावयास पाच-दहा मिनिटे उशीर होणे ही कोणत्या बाजारपेठेत न घडणारी गोष्ट आहे? शेवटचे गिऱ्हाईक उंबऱ्यातच घुटमळत असते, गल्ल्यातील हिशेब जुळत नसतो, आणि दार ओढावयाचे त्या पोऱ्याचा पत्ता नसतो. तामिळनाडूतील तुतिकोरीन जिल्ह्यात सातानकुळम् नावाचे एक लहानसे गाव आहे. २०२० सालच्या जून महिन्यात, करोनाच्या टाळेबंदीचा अंमल चालू असता, तेथील मोबाईल विकणाऱ्या एका दुकानावर असाच ठपका आला. ठरल्या वेळेनंतरही दुकान उघडे होते, एवढाच तो ठपका. १९ जूनच्या संध्याकाळी साठीला टेकलेल्या दुकानदारास पोलिसांनी ठाण्यावर नेले. वडिलांस कशासाठी नेले हे विचारावयास त्यांचा तिशीतला मुलगा पाठोपाठ गेला. २२ जूनच्या रात्री मुलगा मेला. २३ च्या सकाळी बाप मेला.

मधल्या तीन दिवसांत जे घडले ते मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने स्वतःहून हाती घेतलेल्या चौकशीमुळे जगापुढे आले. रात्रभर ठाण्यात दोघांना मारहाण झाली होती. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेऊन ते तुरुंगात पाठविण्यास योग्य असल्याचा दाखला मिळविण्यात आला. दंडाधिकाऱ्यांनी न्यायालयीन कोठडी दिली. आणि सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या कोविलपट्टीच्या तुरुंगात त्यांची रवानगी झाली. उच्च न्यायालयाने पाठविलेले दंडाधिकारी ठाण्यात चौकशीस गेले, तेव्हा त्यांनाही सहकार्य मिळेना. अखेर न्यायालयाला ते पोलीस ठाणेच महसूल खात्याच्या ताब्यात द्यावे लागले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाने नऊ पोलिसांवर खुनाचे आरोपपत्र ठेवले. परंतु या साऱ्या प्रकरणात आमच्या मनात घर करून राहिली ती एक स्त्री, त्याच ठाण्यातील महिला हवालदार. लाठ्यांवर आणि टेबलावर रक्ताचे डाग होते हे तिने दंडाधिकाऱ्यांपुढे सांगितले. आपल्याच वरिष्ठांच्या आवारात उभे राहून, आपल्याच सहकाऱ्यांविरुद्ध. तिच्या भीतीची आणि धैर्याची कल्पना ज्याने कधी एखाद्या ठाण्याच्या बाकावर दोन तास काढले आहेत त्यालाच येईल.

आता त्या मूळ गुन्ह्याची किंमत काय, ते पाहू. सरकारी अधिकाऱ्याने रीतसर काढलेला हुकूम मोडणे हा त्या वेळी लागू असलेल्या भारतीय दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखालील गुन्हा. त्याला शिक्षा एक महिना साधी कैद किंवा दोनशे रुपये दंड. मनुष्याच्या जिवास धोका होण्याचा संभव असेल तर फार झाले तर सहा महिने किंवा हजार रुपये. म्हणजे न्यायाधीशाने संपूर्ण साक्षीपुरावा ऐकून, गुन्हा पूर्णपणे शाबीत मानून, मनात कसलीही दया न आणता कायद्याने घालता येईल तेवढा कठोर दंड घातला असता, तरी तो बाप सहा महिन्यांनी आपल्या घरी परतला असता. आणि मुलाने कोणता हुकूम मोडला होता? बापाची विचारपूस केली, हाच का तो?

कायदा याबाबतीत मुळीच संदिग्ध नाही. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, परंतु अटकेविषयीचे मूळ तत्त्व बदलले नाही. इसम शब्दाने वा कृतीने स्वाधीन होत असेल तर अटक तेवढ्यानेच होते, त्याच्या अंगास हात लावण्याचीही गरज नाही. तो बळाने प्रतिकार करू लागला किंवा पळू लागला, तरच पोलिसांनी अटकेसाठी लागेल तेवढे बळ वापरावे. तेथेही पुढेच लिहून ठेवले आहे की, ज्या गुन्ह्याला देहान्त वा जन्मठेप नाही अशा गुन्ह्याच्या आरोपीचा जीव घेण्याचा हक्क या कलमाने कोणासही मिळत नाही. आणि अटक झाल्यावर, तो निसटू नये यासाठी जेवढे बंधन लागेल त्याहून अधिक घालू नये, हे ४६ वे कलम. अदखलपात्र गुन्हा पोलिसासमक्ष घडला आणि करणाराने नाव-पत्ता सांगण्यास नकार दिला, तर त्याला अटक करता येते, ती नाव-पत्ता कळेपर्यंतच. तो कळताच मुचलका घेऊन सोडून द्यावयाचे. कायद्याच्या दृष्टीने अटक म्हणजे इसम न्यायालयापुढे हजर राहील याची तजवीज. ती शिक्षा नव्हे. शिक्षेचा अधिकार शिपायाला नाही, फौजदाराला नाही, जिल्हा पोलीस प्रमुखालाही नाही.

मग चौकातील शिपाई लाठी उगारतो ती कोणत्या कलमाखाली? याचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे आणि कोणी मोठ्याने बोलत नाही. त्याची समजूत अशी की न्यायालयात खटला जाईल केव्हा, साक्षीदार फितूर होतील, दंड होईल तो दोनशे रुपयांचा. त्यापेक्षा येथल्या येथे चार रट्टे दिले की माणूस आयुष्यभर लक्षात ठेवील. आणि खेदाची गोष्ट ही की ही समजूत एकट्या शिपायाची नाही. ती आपलीही आहे. पाकीटमार सापडला म्हणजे त्याला पोलिसांच्या हवाली करताना “साहेब, चांगला चोप द्या” असे कोण म्हणते? २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये टाळेबंदीत रस्त्यावर सापडलेल्या माणसांना उठाबशा काढावयास लावलेली, बेडूकउड्या मारावयास लावलेली, पोटऱ्यांवर लाठी ओढलेली चित्रे घरोघरी मोबाईलवर फिरत होती. आपण ती पाहून हसलो, आणि पुढे धाडली. त्यांत कोणी औषध आणावयास निघाला होता, कोणी पायी आपल्या मुलुखाला चालला होता. पण हसताना ते कोण विचारतो? सातानकुळमची रात्र त्या हसण्यापासून फार दूर नव्हती. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो असे आपल्याकडे म्हणतात. येथे तर म्हातारीचेही दुःख कोणास झाले नाही.

पोलिसांची बाजू आम्हांस ठाऊक नाही असे कोणी समजू नये. एप्रिल २०२० मध्ये पंजाबातील पतियाळाच्या भाजी बाजारापाशी संचारबंदीचा परवाना विचारला म्हणून एका सहायक उपनिरीक्षकाचा हात तलवारीने तोडण्यात आला. चंदीगडच्या शल्यविशारदांनी तो पुन्हा जोडला म्हणून बरे. सणावाराला आपण घरी असतो तेव्हा तो रस्त्यावर असतो, त्याच्या कामाला घड्याळ नाही, राहावयाच्या वसाहतींची अवस्था पाहवत नाही, आणि वरून पुढाऱ्याचा दूरध्वनी आला की त्याने पकडलेला माणूस त्याच्या देखत सोडावा लागतो. अशा माणसाने अंगावर धावून येणाऱ्यास बळाने आवरले तर त्याच्यामागे आपण उभे राहिले पाहिजे, आणि आम्ही राहू. परंतु हात बांधलेल्या, कोठडीत बसलेल्या, शरण आलेल्या माणसावर टाकलेल्या हाताचा या कष्टांशी काय संबंध? पतियाळाच्या त्या अधिकाऱ्यावर तलवार चालविणारे लोक निराळे होते. सातानकुळमच्या बापलेकांच्या हातात काही नव्हते.

क्षुल्लक गुन्ह्याचा मोठा गुन्हा कसा होतो, याकडे वाचकांनी विशेष लक्ष द्यावे; कारण या सबंध यंत्राचा खिळा तेथे आहे. समजा एखाद्याला दिवा नसलेली दुचाकी चालविताना अडविले. हा दंडाची पावती फाडून मिटणारा प्रकार. बाचाबाची होते, शिपाई थोबाडीत देतो. आता थोबाडीत दिली याचे समर्थन करावयास काही तरी हवे. म्हणून कागदावर येते की, इसमाने सरकारी कामात अडथळा आणला, अंगावर धावून आला, त्याला आवरताना सौम्य बळाचा वापर करावा लागला. जुन्या संहितेत हे ३५३ वे कलम. नव्या भारतीय न्याय संहितेत ते १३२ वे. ते दखलपात्र आणि बिनजामिनी. पावतीवर सुटणारा माणूस त्या एका ओळीने कोठडीत जातो, आणि मार खाल्लेला माणूस मारणारा ठरतो. सातानकुळमच्या फिर्यादीतही टाळेबंदी मोडल्याच्या कलमाबरोबर हेच ३५३ होते. मार हा आधी आणि गुन्हा हा मागाहून, अशी ही उलटी घडण आहे. ज्या फिर्यादीत फिर्यादी पोलीस, साक्षीदार पोलीस आणि तपासणारेही पोलीस, तिला जुने लोक उंदराला मांजर साक्ष म्हणत. आमच्या या सीमाभागात तर हे कलम नव्याने सांगण्याची गरज नाही. फलक लावला, मोर्चात चालला, एवढ्यावरून या कलमाची पाने चिकटविलेली माणसे प्रत्येक गल्लीत आहेत.

परंतु येथे एक कबुली दिली पाहिजे. १७ जानेवारी १९५६ पासून आजवर चळवळीतील माणसावर लाठी पडली की या गावांत हाक उठली, वकील धावले, वृत्तपत्रांनी ठळक अक्षरांत छापले. समुदायाला कैवारी असतो. दारूच्या गुत्त्यावरून उचललेल्या हमालाला कोण असतो? रेल्वे स्थानकावर झोपलेल्या पोराला, भंगार वेचणाऱ्या बाईला, जन्मजात गुन्हेगार म्हणून इंग्रजांनी ज्यांच्या कपाळी शिक्का मारला आणि १९५२ साली तो कायदा रद्द होऊनही ज्यांचा शिक्का पुसला गेला नाही त्या पारध्याला? त्यांच्यासाठी आपण कधी चौकीवर गेलो नाही. लाठीला कानडी-मराठी कळत नाही. तिला अंगावरचे कपडे तेवढे कळतात. १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम गेला आणि १९६३ चा कर्नाटकाचा आला, पण गरिबाच्या पाठीला त्यातला फरक कोणी सांगितला नाही.

आणि सरहद्दीपलीकडे आपले राज्य आहे म्हणून तेथे सारे आलबेल, असेही नाही. २०१७ च्या नोव्हेंबरात सांगलीत लुबाडणुकीच्या संशयावरून दोन तरुणांना पकडले. लुबाडलेला ऐवज एक मोबाईल आणि सुमारे दोन हजार रुपये. त्यांतील एक कोठडीत मारहाणीने मेला. पोलिसांनी काय केले? आरोपी पळून गेले अशी नोंद केली आणि प्रेत आंबोली घाटात नेऊन जाळले. आंबोली! जेथे आपण पावसाळ्यात धबधबे पाहावयास मुलेबाळे घेऊन जातो ते. जाळणारे मराठी होते, जळालेलाही मराठीच होता.

न्यायालयांनी काही केले नाही असे म्हणता येणार नाही. १९८७ च्या डिसेंबरात ओरिसात चोरीच्या तपासासाठी नेलेल्या बावीस वर्षांच्या मुलाचे प्रेत दुसऱ्या दिवशी रेल्वेच्या रुळावर सापडले. त्याच्या आईने सर्वोच्च न्यायालयास साधे पत्र लिहिले. न्यायालयाने तेच अर्ज मानून १९९३ साली सरकारला दीड लाख रुपये भरपाई देण्यास लावले, आणि कोठडीतील मृत्यूबाबत राज्याला सार्वभौमत्वाच्या ढालीआड लपता येणार नाही हे ठरविले. १९९४ साली जोगिंदर कुमार खटल्यात सांगितले की अटकेचा अधिकार असणे निराळे आणि तो वापरण्याचे कारण असणे निराळे. डिसेंबर १९९६ मधील डी. के. बसू खटल्याच्या निकालाने तर अटकेची सारी रीत घालून दिली. नावाची पट्टी स्पष्ट दिसावी, अटकेचा लेख जागच्या जागी लिहून त्यावर घरच्या माणसाची वा मोहल्ल्यातील प्रतिष्ठित इसमाची सही घ्यावी, नातलगांस कळवावे, मागितल्यास अंगावरील जखमांची नोंद करून तीवर दोघांच्या सह्या घ्याव्यात, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी. २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत यांत्रिकपणे अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे बजावले. नव्या संहितेने याच्याही पुढे एक पाऊल टाकले. तीन वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठ वर्षांवरील किंवा पंगू-आजारी माणसाला अटक करावयाची तर उपअधीक्षकाची परवानगी लागते.

इतके सारे असून काय अडते? आमच्या मते अडते ते तीन टेबलांवर. पहिले डॉक्टरांचे. शिपाई आरोपीच्या दंडाला धरून उभा असतो, रांग मोठी असते, आणि “काही त्रास आहे का?” हा प्रश्न आरोपीला नव्हे, शिपायाला विचारल्यासारखा विचारला जातो. दुसरे दंडाधिकाऱ्यांचे. घटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने चोवीस तासांत आरोपीला दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावयास सांगितले, ते कागद पाहण्यासाठी नव्हे, माणूस पाहण्यासाठी. पोलिसांना बाहेर घालवून “तुला कोणी मारले का? सदरा वर कर” एवढे शब्द न्यायासनावरून निघाले असते तर सातानकुळमचे दोघे कदाचित तुरुंगाऐवजी इस्पितळात गेले असते. तिसरे टेबल म्हणजे ठाण्यातील ते, ज्यावर कॅमेऱ्याचे यंत्र असते. सातानकुळमच्या ठाण्यात कॅमेरे होते! साठवणीलाही जागा मुबलक होती. पण चित्रे रोजच्या रोज आपोआप पुसली जातील अशी कळ फिरवून ठेवलेली चौकशीत आढळली. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, कोठडीत, आतील-बाहेरील मार्गात कॅमेरे बसवून चित्रे अठरा महिने, निदान एक वर्ष तरी ठेवण्याचा हुकूम दिला. पाच वर्षे उलटत आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला, ठाण्यांत कॅमेरे चालू का नाहीत याची पुन्हा स्वतःहून दखल घ्यावी लागली.

बेड्यांचेही तसेच. १९८० साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट बेड्या घालणे माणुसकीला काळिमा ठरविले होते. नव्या संहितेत बेड्या कोणास घालाव्यात याची यादी आली. दहशतवाद, खून, बलात्कार, संघटित गुन्हेगारी असे मोठमोठे गुन्हे तिच्यात आहेत, हे योग्यच. पण यादीच्या आरंभीच ‘सराईत वा पुन्हा गुन्हा करणारा’ हे शब्द बसले आहेत. दुसऱ्यांदा कोंबडी चोरणारा आणि बॉम्ब ठेवणारा एकाच साखळीत! लिहिणाऱ्याचा हेतू तसा नसेल. पण ठाण्यातील वाचणारा कायदा हेतूवरून वाचत नाही.

आणि एवढे करून कोणी दाद मागितलीच तर वाटेत पूर्वमंजुरीचा दरवाजा आहे. कर्नाटक पोलीस अधिनियमाचे १७० वे कलम आमच्या भागातील प्रत्येक वकिलास ठाऊक आहे. कर्तव्याच्या ओघात, किंबहुना अधिकाराचा अतिरेक करून केलेल्या कृत्यासाठीही सरकारच्या मंजुरीविना पोलिसावर खटला उभा राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम बंगळुरूच्या एका प्रकरणात उचलून धरले ते, योगायोग पाहा, २०२० च्या त्याच जून महिन्यात. कर्तव्यनिष्ठ अधिकाऱ्याला खोट्या खटल्यांपासून संरक्षण हवे, हे आम्ही नाकारीत नाही. पण मंजुरी देणारे सरकार आणि लाठी देणारे सरकार एकच असते, आणि मंजुरीचा अर्ज किती दिवसांत निकालात काढावा याचा हिशेब मागावयास मार खाल्लेला हमाल कोणत्या दारात उभा राहील? यातनांविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ साली सही केली. त्याला अनुसरून विधेयक २०१० साली लोकसभेने मंजूर केले, राज्यसभेने निवड समितीकडे पाठविले, आणि २०१४ साली लोकसभा विसर्जित झाली तशी ते निकालात निघाले. विधि आयोगाने २०१७ साली पुन्हा मसुदा करून दिला. तेव्हापासून तो मसुदाच राहिला.

दिल्लीतील विधेयकाची वाट पाहत बसण्याइतका धीर आम्हांस नाही. आपल्या गावात आज करता येईल असे काही आहे. बसू खटल्याने अटकेच्या लेखावर सही करावयास ‘मोहल्ल्यातील प्रतिष्ठित इसम’ बोलावला आहे. तो कोण? आपणच ना! व्यापारी संघाचे पदाधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक, वाचनालयाचे चिटणीस, निवृत्त मामलेदार. गल्लीतील कोणास उचलल्याचे कळले की यांच्यापैकी दोघांनी ठाण्यावर जावे, ठाणे अंमलदारास नम्रपणे विचारावे की कोणत्या कलमाखाली आणले, लेख कोठे आहे, घरी कळविले काय. पोलिसांशी वाद घालण्याचे कारण नाही. नुसते बाकावर बसून राहिले तरी पुरे, कारण पाहणारा डोळा असला की हात आखडतो. वकील संघाने कोठडीच्या वेळी विनामूल्य उभे राहणाऱ्या तरुण वकिलांची पाळी लावावी, आणि जखमांची नोंद करण्याचा अर्ज पहिल्याच तारखेस द्यावा. दुसऱ्या तारखेपर्यंत वळ निळ्याचे पिवळे होतात. बसविलेल्या कॅमेऱ्यांची चित्रे किती दिवस ठेवली जातात, हे माहितीच्या अधिकाराखाली प्रत्येक ठाण्यास विचारावे. ज्यांना वेळ असेल त्यांनी हे अर्ज या आठवड्यातच टाकावेत. उत्तरे येतील तशी ती आम्ही या पृष्ठावर ठाण्याच्या नावानिशी छापू, आणि ज्या ठाण्याचे उत्तर येणार नाही त्याचेही नाव छापू.